आधी अस्वलाला तपासा, डॉक्टर!

डॉक्टर मुलांना तपासतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण मुलंही डॉक्टरांची परीक्षा घेतात, हे ठाऊक आहे का? आणि ही परीक्षा घेणारी मुलं असतात चार-पाच वर्षांची, स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा बांधता न येणारी! परीक्षेला बसलेली असतात तेवीस-चोवीस वर्षांची ताई-दादा मंडळी. शरीरातल्या दोनशे सहा हाडांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. पण समोर एखादी चिमुरडी बसली, तिनं आपलं कापसाचं अस्वल पोटाशी घट्ट धरलं आणि 'तुम्ही याला सुई टोचणार का?' असं विचारलं, की भल्याभल्यांची बोबडी वळते.

ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या वेळापत्रकात नसते. तिला मार्क नसतात आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी ती आपण होऊन देतात. त्यासाठी त्यांनी आपापल्या कॉलेजात एक मंडळ काढलेलं असतं. त्याचं नाव 'पेडियाट्रिक्स इंटरेस्ट ग्रुप'. पेडियाट्रिक्स म्हणजे बालरोगशास्त्र, लहान मुलांच्या आजारांचं आणि आरोग्याचं शास्त्र. तेव्हा आपण या मंडळाला सरळ 'बालरोग मंडळ' म्हणू या. हे मंडळ कसं चालतं, त्यात काय शिकतात आणि ते चालवणं का सोपं नाही, याची ही गोष्ट.

मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे

मुलांसाठी वेगळा डॉक्टर कशाला हवा? मोठ्यांचंच औषध अर्धं करून दिलं की झालं! पूर्वी खरोखरच पुष्कळांना असं वाटत असे. अमेरिकेत हा समज मोडून काढणाऱ्यांत डॉ. अब्राहम जेकोबी यांचं नाव पहिलं घेतात. त्यांचा जन्म १८३० सालचा, जर्मनीतला. तरुणपणी तिथल्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्यांना तुरुंगात जावं लागलं. पुढे १८५३ साली ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि १८६० साली त्यांनी तिथे मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. मुलांचं शरीर वेगळ्या तऱ्हेनं चालतं, त्यांचे आजारही वेगळे, म्हणून त्यांचा वेगळा अभ्यास हवा, हे त्यांनी जन्मभर सांगितलं.

त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं ते पाहा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा पडते. नवजात बाळाची मात्र १२० ते १६० वेळा! मोठ्या माणसात इतकी नाडी दिसली तर डॉक्टर चमकतील, बाळात ती अगदी ठीक. मोठ्या माणसाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असतं, तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या वजनात सुमारे ७५ टक्के. म्हणून जुलाब लागले की बाळ फार लवकर सुकतं. मोठ्यांना आपण 'एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी' असं सांगतो, पण मुलांच्या औषधाचं माप बहुधा त्यांचं वजन करून ठरवतात.

आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे बाळाला सांगता येत नाही! कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्लं होतं, यातलं काहीच नाही. जरा मोठं मूल सांगू शकतं, पण घाबरलेलं असेल तर ते तोंड मिटून बसतं. पोट दुखत असलं तरी 'नाही दुखत' म्हणतं, कारण 'हो' म्हटलं की सुई, हे त्याचं गणित पक्कं असतं. मुलाचा विश्वास बसल्याशिवाय त्याचा आजारसुद्धा कळत नाही. नाडीचे आकडे पुस्तकात मिळतात. विश्वास मिळवायचा सराव कुठं करायचा? बालरोग मंडळ लागतं ते यासाठी.

कारभारी कोण?

अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण आपल्यापेक्षा थोडं निराळं आहे. आपल्याकडे बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन एमबीबीएसला जाता येतं. तिथे बारावीनंतर बहुतेकजण आधी चार वर्षं कॉलेज करतात आणि मग चार वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शिकतात. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व्हायचं तर इस्पितळात आणखी तीन वर्षं काम करत शिकायचं. महाविद्यालयाच्या चार वर्षांतली पहिली वर्षं बरीचशी वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. नंतर विद्यार्थी वॉर्डात जातात, आणि तिथे मुलांच्या विभागात त्यांच्या वाट्याला थोडेच आठवडे येतात.

म्हणजे मुलांचा डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पुष्कळ दिवस मूल नजरेसच पडत नाही! हाडं, पेशी, औषधांची नावं यांतच तो बुडालेला असतो. म्हणून मंडळ हवं. ते चालवतातही मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या वर्षाचेच विद्यार्थी, कारण वरच्या वर्गातल्यांना वॉर्डातून डोकं वर काढायला फुरसत नसते.

मंडळाचा थाट म्हणाल तर आपल्या गणेशोत्सव मंडळासारखाच. एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, पैशांचा हिशेब ठेवणारा खजिनदार, शाळांशी आणि इस्पितळाशी बोलणी करणारा एखादा कार्यकर्ता. शिवाय पाठीशी बालरोग विभागातले एक प्राध्यापक असतात. ते मार्गदर्शन करतात, अडलं तर फोन फिरवतात, पण मंडळ चालवत नाहीत. ते काम विद्यार्थ्यांचं. वर्ष सुरू झालं की आवारात सगळ्या मंडळांची टेबलं मांडतात. नवे विद्यार्थी फिरत फिरत येतात आणि आवडेल तिथे नाव लिहितात. पहिल्या दिवशी यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबते. पण यादीतले किती जण पुढे कामाला येतात, ते कळायला महिनाभर जावा लागतो! हा अनुभव तुमच्याही शाळेतल्या मंडळांना असेल.

पिझ्झा आणि पाहुणे

मंडळाच्या सभा बहुधा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होतात. तासाभराची सुट्टी, दमलेले विद्यार्थी, डोक्यावर परीक्षा. अशा वेळी माणसं जमवायची कशी? तिथल्या मंडळांनी यावर एक जुना उपाय शोधून ठेवला आहे. सूचनेत खाली लिहायचं, 'पिझ्झा मिळेल'. आपल्याकडे 'कार्यक्रमानंतर अल्पोपाहार' असं लिहितात, तसंच हे. खजिनदाराचा निम्मा जीव त्या पिझ्झ्याच्या बिलात अडकलेला असतो.

पिझ्झा खाता खाता पाहुण्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं. कधी नवजात बाळांच्या विभागातले डॉक्टर येतात. तळहातावर मावतील एवढ्या बाळांना कसं जगवतात, ते सांगतात. कधी मुलांच्या हृदयाचे डॉक्टर येतात, तर कधी साधा सर्दी-खोकला आणि लसीकरण पाहणारे गल्लीतले डॉक्टर. चौथ्या वर्षाचे विद्यार्थी येऊन पुढच्या प्रवेशाची वाट दाखवतात.

अशा व्याख्यानांतून इतिहासही कळतो. मघाशी आपण सुकलेल्या बाळाबद्दल बोललो ना? त्यावरचं साधं, स्वस्त औषध म्हणजे मीठ-साखर-पाणी, अर्थात ओआरएस. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईच्या वेळी सीमेवर बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस या बंगाली बालरोगतज्ज्ञानं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज योग्य मापात पाण्यात मिसळून ते लोकांना प्यायला दिलं आणि हजारोंचे प्राण वाचवले. २०२२ साली ते वारले. २०२३ साली भारत सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

व्याख्यानांच्या जोडीला आणखी एक उपक्रम असतो. विद्यार्थ्यानं एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या मागे सावलीसारखं अर्धा दिवस फिरायचं. नुसतं पाहायचं. नियम मात्र कडक. हात धुतल्याशिवाय मुलाजवळ जायचं नाही. स्वतःच्या सगळ्या लसी टोचून झालेल्या हव्यात. आईवडिलांनी 'चालेल' म्हटलं तरच खोलीत थांबायचं. फोटो काढायचा नाही आणि तिथं पाहिलेलं कोणाचंही नाव बाहेर घ्यायचं नाही.

अस्वलांचा दवाखाना

आता येते ती खरी गंमत! कापसाच्या अस्वलांचा दवाखाना. जर्मनी, ऑस्ट्रिया, ब्रिटन अशा कितीतरी देशांत वैद्यकीय विद्यार्थी 'टेडी बेअर हॉस्पिटल' भरवतात. अमेरिकेतली बालरोग मंडळंही बालवाड्यांत किंवा कॉलेजच्या आवारात असे दवाखाने मांडतात.

जाता जाता, अस्वलाला 'टेडी' का म्हणतात ठाऊक आहे? अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लोक लाडानं टेडी म्हणत. १९०२ साली ते मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले असताना सोबतच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्ट तयार होईनात. त्या प्रसंगाचं व्यंगचित्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि त्यावरून खेळण्यातल्या अस्वलाला टेडी हे नाव मिळालं.

तर दवाखाना कसा चालतो ते बघा. तीन ते सहा वर्षांची मुलं आपापलं 'आजारी' खेळणं घेऊन येतात. अस्वलच हवं असं नाही. ससा, बाहुली, माकड, कोणीही चालतं. मूल त्या खेळण्याचे आई किंवा बाबा. आधी नाव नोंदवायचं, मग थोडा वेळ थांबायचं, मग पाळी आली की डॉक्टरांकडे जायचं. अगदी खऱ्यासारखं!

'काय होतंय आपल्या अस्वलाला?' डॉक्टर विचारतात.

'पोट दुखतंय. त्यानं खूप मध खाल्ला.'

'अरे बापरे! कधी खाल्ला?'

'काल. आणि परवा. आणि आईला सांगितलं नाही.'

मग तपासणी सुरू होते. स्टेथोस्कोप आधी मुलाच्या हातात द्यायचा. तो अस्वलाच्या छातीला लावतो, मग हळूच स्वतःच्या. 'धाड् धाड् वाजतंय!' म्हणून डोळे मोठे करतो. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याचं एक्स-रे यंत्र केलेलं असतं, त्यात अस्वलाला झोपवतात. पाय 'मोडला' असेल तर पट्टी बांधतात. औषधाची चिठ्ठीही मिळते. मोडलेल्या पायावरचं रामबाण औषध म्हणजे दिवसातून दोनदा मिठी!

वरवर पाहिलं तर हा भातुकलीचा खेळ वाटतो. पण या टेबलाशी दोघं शिकत असतात. मुलाला कळतं की ही चकचकीत नळी चावत नाही, एक्स-रे काढताना दुखत नाही, आणि डॉक्टर प्रश्न विचारतात ते मदत करायला. शिवाय इथे आजारी आहे अस्वल, मूल नव्हे. म्हणून ते निर्धास्तपणे सगळं बघू शकतं.

याचा खरंच उपयोग होतो का, हेही लोकांनी तपासलं आहे. २००८ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४१ छोट्या मुलांना त्यांनी अस्वलांच्या दवाखान्यात नेलं. त्याच वयाच्या दुसऱ्या ५० मुलांना नेलं नाही. दवाखान्याच्या आदल्या दिवशी आणि नंतर आठवड्यानं, 'इस्पितळात राहायची किती भीती वाटते?' हे एका सोप्या मोजपट्टीवर दाखवायला सांगितलं. अस्वलांचा दवाखाना पाहिलेल्या मुलांची भीती कमी झालेली आढळली. अभ्यास छोटा होता, पण दिशा दाखवणारा होता.

टेबलापलीकडचा शिकाऊ डॉक्टर काय शिकतो? पहिली गोष्ट म्हणजे उभं राहून बोलायचं नाही, खाली बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं. दुसरी, जड शब्द वापरायचे नाहीत. 'उदरपोकळी' म्हटलं की मूल आईच्या मागे दडतं. तिसरी, हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं. आणि चौथी सगळ्यात अवघड. खोटं बोलायचं नाही! 'अजिबात दुखणार नाही' असं सांगून सुई टोचली, तर मूल पुढच्या वेळी त्या डॉक्टरवरच काय, कोणत्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा 'मुंगी चावल्यासारखं थोडं दुखेल, पण आपण पाचपर्यंत मोजू तोवर संपेल' असं सांगितलेलं बरं. हे वाक्य खऱ्या मुलाला सांगण्याआधी कापसाच्या अस्वलाला सांगून बघायला मिळालं, तर कोणाला नको आहे?

बाकावरचं गोष्टीचं पुस्तक

मंडळाचे सगळेच उपक्रम असे जत्रेसारखे नसतात. काही अगदी शांत असतात. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ताटकळत बसलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. १९८९ साली बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या बालरोगतज्ज्ञांनी शिक्षकांच्या मदतीनं यावर एक युक्ती काढली. 'रीच आउट अँड रीड' असं तिचं नाव. तपासणीला आलेल्या मुलाला डॉक्टर एक नवं पुस्तक भेट देत, आणि आईवडिलांना सांगत, 'रोज थोडं वाचून दाखवा.' ज्या घरांत गोष्टीचं एकही पुस्तक नाही, तिथेही अशी पुस्तकं पोचू लागली. पुढे हा उपक्रम अमेरिकाभर पसरला.

वाट पाहणाऱ्या मुलांना बाकावर बसून गोष्ट वाचून दाखवणं हे यातलं एक काम, आणि ते करायला स्वयंसेवक लागतात. वैद्यकीय विद्यार्थी यात आनंदानं जातात. तासभर वाचलं की त्यांनाही पुष्कळ कळतं. कोणतं मूल चित्राकडे बोट दाखवतं, कोणतं शब्द जुळवतं, कोणतं नुसतं टक लावून बघतं. मुलाची वाढ नीट होते आहे की नाही, याच्या खुणा अशा साध्या गोष्टींत असतात.

दिलेला शब्द

आता मंडळ चालवण्यातली खरी अडचण. दरवर्षी वसंत ऋतू आला की मंडळाचे कारभारी बदलतात. कालपर्यंत ज्याला सगळं पाठ होतं तो वॉर्डात जातो, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत दिसेनासा होतो. बालवाडीच्या बाईंचा फोन नंबर कोणाकडे? पुठ्ठ्याचं एक्स-रे यंत्र कोणाच्या खोलीत? पट्ट्या किती उरल्या? इस्पितळाची परवानगी कोणाच्या सहीनं मिळते? हे सगळं एकाच्या डोक्यात राहिलं, तर तो गेला की मंडळ गेलं.

म्हणून शहाणी मंडळं एक वही ठेवतात. काय केलं, किती खर्च आला, कोणाला विचारलं, काय चुकलं, ते सगळं त्यात लिहितात. नव्या कारभाऱ्यांना जुने कारभारी महिनाभर सोबत घेऊन फिरतात. परीक्षेच्या आठवड्यात कार्यक्रम ठेवत नाहीत. आणि दहा कामांना हात घालण्यापेक्षा दोनच घेतात, पण ती वर्षभर निभावतात.

यात एवढं काय अडलंय, असं वाटेल. कॉलेजातलं एक मंडळ बंद पडलं तर आभाळ थोडंच कोसळणार आहे! पण जरा इस्पितळातल्या खाटेवरून बघा. एखादा मुलगा कितीतरी आठवडे तिथे पडून आहे. दर गुरुवारी चार वाजता एक दादा येतो आणि त्याला गोष्ट वाचून दाखवतो. गोष्ट अर्धी राहिली आहे. पुढचा गुरुवार उजाडतो, चार वाजतात, साडेचार वाजतात आणि दादा येत नाही. त्याची परीक्षा असेल, किंवा त्याची मुदत संपली असेल. मुलाला त्यातलं काय कळणार? त्याला एवढंच कळतं की येतो म्हणाला आणि आला नाही. ज्या विश्वासासाठी सगळा खटाटोप केला, तोच तुटतो. म्हणून मोठ्यांशी ठरवलेली सभा एक वेळ पुढे ढकलता येते, पण मुलांना दिलेला शब्द मोडायचा नसतो. आपल्याला जमणार नसेल तर दुसऱ्याला पाठवायचं आणि तसं आधी सांगायचं. मंडळाची वही असते ती या निरोपांसाठी.

रिकाम्या खुर्च्या

आणखी एका कारणानं या मंडळांना आता महत्त्व आलं आहे. अमेरिकेत दरवर्षी मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी 'मॅच डे' असतो. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी कळतं की पुढचं शिक्षण कोणत्या इस्पितळात मिळणार. कॉलेजांत सोहळा असतो, एकाच वेळी पाकिटं फोडतात, कोणी नाचतं, कोणी रडतं. २०२४ सालच्या मॅचमध्ये बालरोग विभागाच्या तीन हजारांहून अधिक जागांपैकी सुमारे अडीचशे जागा पहिल्या वाटपात भरल्याच नाहीत. मुलांच्या डॉक्टरांना ही काळजीची गोष्ट वाटली.

असं का व्हावं? तिथे वैद्यकीय शिक्षण फार महाग. बहुतेक विद्यार्थी मोठं कर्ज काढून शिकतात. आणि बालरोगतज्ज्ञांची कमाई इतर अनेक तज्ज्ञांपेक्षा कमी असते. मग कर्ज फेडायची चिंता असलेला विद्यार्थी दुसरीकडे वळला, तर त्याला नावं कशी ठेवायची? मंडळ कोणाचं कर्ज फेडू शकत नाही. पण ज्याच्या मनात मुलांसाठी काम करायची इच्छा आहे, त्याला पहिल्याच वर्षी मुलांच्या जवळ नेऊ शकतं. मग तो जो काही निर्णय घेईल तो डोळे उघडे ठेवून घेईल.

आणि आपल्याकडे?

मुलांसाठी वेगळं इस्पितळ ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत परळला वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झालं. मुंबईचेच डॉ. जॉर्ज कोएल्हो यांना भारतातल्या बालरोगशास्त्राचे जनक मानतात. 'इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स' ही देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था १९६३ साली स्थापन झाली. ती एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी बालरोगशास्त्राची प्रश्नमंजुषा घेते. कॉलेजापासून सुरू होऊन ती देशपातळीपर्यंत जाते.

१९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. 'दो बूंद जिंदगी के' ही हाक घरोघर पोचली. बूथवर परिचारिका, अंगणवाडीच्या ताई, शिक्षक आणि वैद्यकीय विद्यार्थीही राबले. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. रडणाऱ्या बाळाचं तोंड उघडून दोन थेंब नेमके जिभेवर कसे टाकायचे, हे त्या बूथवर जितकं कळतं तितकं कोणत्या वर्गात कळणार?

आता तुमची पाळी

मित्रांनो, यातलं बरंच काही तुम्हालाही करता येईल. डॉक्टर व्हायचं असो वा नसो!

१. घरात किंवा शेजारी छोटं भावंडं असेल आणि त्याला लस टोचायची असेल, तर आदल्या दिवशी त्याच्या बाहुलीचा दवाखाना मांडा. डॉक्टर त्यालाच होऊ द्या. तुम्ही फक्त बाहुलीच्या वतीनं रडा!

२. जुना पुठ्ठा, थोडी पट्टी आणि एक वही एवढं साहित्य पुरे. खरी सुई, सिरिंज किंवा औषधाच्या गोळ्या मात्र खेळात चुकूनही घेऊ नका.

३. छोट्यांनी 'दुखेल का?' असं विचारलं तर खरं सांगा. 'थोडं दुखेल, मी हात धरीन' एवढं पुष्कळ झालं.

४. चार-पाच जण मिळून सोसायटीत किंवा वाडीत आठवड्यातून एकदा छोट्यांना गोष्ट वाचून दाखवा. दिवस आणि वेळ ठरवा, ती मोडू नका.

५. वही ठेवा. कोणती गोष्ट झाली, कोण आलं, पुढच्या वेळी कोण वाचणार. दहावीच्या वर्षी तुम्हाला वेळ मिळणार नाही, तेव्हा ही वही आठवीतल्या कोणाच्या तरी हातात द्या.

आणि आता दोन शब्द आईबाबांसाठी. 'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. पूर्वी बागुलबुवा यायचा, आता त्याच्या जागी डॉक्टर आले आहेत. चार वर्षांच्या मुलाला हे खरंच वाटतं. सुई म्हणजे शिक्षा, असं त्याच्या मनात बसतं. मग एखाद्या दिवशी ते तापानं फणफणलेलं असताना त्याच शिक्षा देणाऱ्या माणसाला त्यानं 'इथं दुखतं' म्हणून कसं सांगावं? तिकडची ताई-दादा मंडळी अभ्यास सांभाळून, पुठ्ठ्याची खोकी चिकटवून, अस्वलांना पट्ट्या बांधून ही भीती काढायला धडपडतात. आपल्याला तर एक वाक्य न बोलून ती टाळता येईल.